सहा टिंबे आणि दोन लिप्या

आमच्या बेळगाव-निपाणीकडील मराठी मुलाला प्राथमिक शाळेतच दोन वर्णमाला गिरवाव्या लागतात. घरची मराठी देवनागरीत आणि राज्याची कानडी तिच्या वाटोळ्या अक्षरांत. १९५६ सालापासून या मुलखात भाषेवरून जे घडले ते आपणांस ठाऊकच आहे. त्याची उजळणी करण्याचे हे स्थळ नव्हे. आज मला सांगावयाचे आहे ते अशा एका लिपीविषयी, की जिच्यात मराठीचा ‘क’ आणि कानडीचा ‘क’ एकच आहे. ही लिपी डोळ्यांनी नव्हे, तर बोटांनी वाचतात.

तिचा जनक लुई ब्रेल हा फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात १८०९ साली जन्मला. वडील घोड्यांची खोगिरे व लगाम तयार करीत. अथणी-निपाणीकडे चपला शिवणाऱ्या कारागिरांच्या हाती जी आरी असते, तसल्याच हत्याराने वयाच्या तिसऱ्या वर्षी त्याचा एक डोळा गेला आणि पुढे जखम चिघळून दुसराही गेला. पॅरिसमध्ये १७८५ साली निघालेल्या अंधशाळेत तो शिकावयास गेला, तेव्हा तेथील पुस्तकांत रोमन अक्षरेच कागदावर उठवून छापीत. ती चाचपून वाचणे फार कष्टाचे होते. लिहिणे तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातच नव्हते. शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अंधारात वाचण्याजोगी बारा टिंबांची एक लिपी योजिली होती, पण बारा टिंबे बोटाच्या एका पेराखाली मावत नाहीत. ब्रेलने बाराची सहा केली. १८२४ साली, पंधरा वर्षांचा असताना, त्याने ही योजना सिद्ध केली आणि १८२९ साली ती प्रसिद्ध झाली. सहा टिंबांतून त्रेसष्ट निरनिराळ्या आकृती होतात. आणि ज्या टोचणीने ही टिंबे उठवितात ती आरीचीच धाकटी बहीण शोभावी अशी असते!

हिंदुस्थानात हे शिक्षण प्रथम मिशनऱ्यांनी आणले. १८८७ साली अमृतसरला शाळा निघाली. मुंबईस १९०० साली कु. ॲना मिलर्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली, ती पुढे दादरला नांदली. मिलर्डबाई आम्हां कॅथलिकांपैकी नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या होत्या; परंतु दुष्काळाने निराधार केलेल्या अंध मुलांना ज्यांनी अक्षर दिले, त्यांचा पंथ विचारू नये असे मला वाटते. म्हैसूरलाही १९०१ साली अंध आणि मूकबधिर मुलांची शाळा निघाली.

अडचण पुढेच होती. ज्याने त्याने आपापली टिंबे ठरविली. मुंबईस डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची पद्धत, कलकत्त्यास शाह यांची, म्हैसूरला कानडीची निराळी. एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेचे पुस्तक म्हणजे नुसते खडबडीत कागद! स्वातंत्र्यानंतर १९४९ साली भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे ठेवला. न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेंझी, जे स्वतः अंध होते, यांनी या कामी मोठा भार उचलला आणि १९५१ साली बैरूतच्या परिषदेनंतर ‘भारती ब्रेल’ सिद्ध झाली.

तिचे तत्त्व साधे पण दूरदृष्टीचे आहे. लिपीचे वळण बाजूस ठेवून ध्वनीला चिन्ह द्यावयाचे. पहिले आणि तिसरे टिंब म्हणजे ‘क’, मग तो मराठी असो, कानडी असो वा बंगाली. आणि इंग्रजीचा ‘के’ही तोच. काना, मात्रा, वेलांटी यांना निराळी चिन्हे नाहीत. व्यंजनानंतर स्वरच लिहावयाचा. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि उच्चार मागाहून करतो. अंध विद्यार्थ्याला हा घोटाळा ठाऊकच नाही. हिंदीला परका असलेला आपला ‘ळ’ देखील येथे कानडीच्या ‘ळ’शी अगदी एकरूप आहे.

मात्र भाषांतील खरे भेद या लिपीने पुसलेले नाहीत. मराठीत ‘ए’ एकच. कानडीत ऱ्हस्व व दीर्घ असे दोन. दीर्घाला पहिले व पाचवे टिंब, आणि ऱ्हस्वाला तीच आकृती एक पायरी खाली, म्हणजे दुसरे व सहावे. त्यामुळे आमच्या गावाचे नाव मराठीत ‘बेळगाव’ आणि कानडीत ‘बेळगावि’ असे बोटांखाली आले, तर फरक पडतो तो पहिल्या स्वराचा आणि शेवटच्या ‘इ’चा. बाकी सारी टिंबे तीच. डोळस मुलाला जेथे संपूर्ण नवी वर्णमाला शिकावी लागते, तेथे अंध मुलाला चार-दोन चिन्हांची भर पुरते. भाषा मात्र त्यालाही मुळापासूनच शिकावी लागते.

लेखनाची गोष्ट निराळी. पाटीत कागद अडकवून टोचणीने टिंबे पाडताना ती मागच्या बाजूस उठतात, म्हणून उजवीकडून डावीकडे आणि उलटे लिहावे लागते. वाचन एका दिशेने, लेखन दुसऱ्या दिशेने, हे लहान मुलाच्या अंगवळणी पाडण्यात शिक्षकाची खरी कसोटी लागते. १९५१ सालीच अमेरिकेत पर्किन्स ब्रेलर हे यंत्र तयार झाले. त्यावर लिहिलेले तत्काळ आणि सुलटे वाचता येते. परंतु यंत्र महाग आणि पाटी स्वस्त, म्हणून पाटी टिकली.

आता संगणक मराठी आणि कानडी दोन्ही वाचून दाखवितो. कोणी म्हणेल, मग टिंबे कशाला? माझे मत असे की, ऐकून ज्ञान मिळते, पण शुद्धलेखन मिळत नाही. ‘पाणि’ की ‘पाणी’ हे कान सांगू शकत नाही. स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, त्याचे मोल म्हणूनच मोठे.

आमच्या सीमाभागाची अडचण लिपीची नाही, पुस्तकांची आहे. येथील मराठी माध्यमाची क्रमिक पुस्तके कर्नाटक राज्य छापते. त्यामुळे महाराष्ट्राच्या पुस्तकाची ब्रेल प्रत पुण्या-मुंबईहून आणली तरी येथील वर्गात ती जशीच्या तशी चालत नाही. छापील मजकूर युनिकोडमध्ये मिळाला, तर संगणक त्याचे ब्रेल रूपांतर थोड्या वेळात करतो आणि मग तपासणी तेवढी उरते. तोच मजकूर जुन्या फाँटमध्ये असला तर आधी तो फाँट बदलावा लागतो, नाहीतर सारे पुस्तक नव्याने टंकित करावे लागते. आणि शाळा तर जूनच्या आरंभीच भरलेली असते.