मातीचे श्रेय



ज्याने आयुष्यभर ज्ञानेश्वरी आणि पंडिती काव्य शिकविले, त्याने स्मृतिव्याख्यानात क्रिकेटवर बोलावे, हे काहींना खटकेल. परंतु कर्नल सी. के. नायडूंच्या इंदूरमध्ये वाढलेल्या माणसाला त्याबद्दल क्षमा मागण्याचे कारण नाही. भारतीय मैदानांवर गोलंदाजांनी गाजविलेल्या पराक्रमांचे श्रेय कोणाचे, गोलंदाजाचे की खेळपट्टीचे, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

१९३२ साली नायडूंच्या नेतृत्वाखाली लॉर्ड्सवर आपण पहिली कसोटी खेळलो. पहिला विजय मिळाला तो मात्र १९५२च्या फेब्रुवारीत, मद्रासला, पंचविसाव्या कसोटीत. विनू मंकड यांनी इंग्लंडचे पहिल्या डावात ५५ धावांत ८ व दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ बळी घेतले. त्या सामन्यात यष्टिरक्षक खोकन सेन यांनी पाच फलंदाजांना यष्टिचीत केले, ते सर्व मंकड यांच्याच गोलंदाजीवर. मंकड सर्वांना आठवतात. सेन यांचे नाव किती जणांच्या ओठावर येते?

विस्मृतीचा खरा अन्याय मात्र सुभाष गुप्ते यांच्यावर झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर १९५८, कानपूरचे ग्रीन पार्क. वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला आणि त्यातील ९ बळी १०२ धावांत एकट्या गुप्ते यांचे होते. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. नरेन ताम्हाणे यांच्या हातून लान्स गिब्ज यांचा झेल निसटला नसता, तर दहाचा अंक तेव्हाच लागला असता! भारताचा डावही योगायोगाने २२२ धावांतच संपला. पुढे सोबर्स यांनी १९८ धावा फटकाविल्या आणि आपण २०३ धावांनी हरलो. पराभवाच्या ढिगाऱ्याखाली ते नऊ बळी गाडले गेले. १९८३ साली अहमदाबादला ८३ धावांत ९ बळी घेणाऱ्या कपिल देव यांच्या वाट्यालाही हेच आले.

गुप्ते यांच्यानंतर वर्षभरातच, त्याच मैदानावर, जसू पटेल यांनी ऑस्ट्रेलियाचे ६९ धावांत ९ बळी घेतले. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती जमलेली मोठी माणसे एकाएकी का ओरडली, ते मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र पाहून कळले. लहानपणी झाडावरून पडून या पस्तीस वर्षांच्या ऑफस्पिनरचा हात मोडला होता आणि त्यामुळे त्यांची शैली विचित्र झाली होती. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी आग्रहाने त्यांना संघात घेतले. सामन्यात १२४ धावांत १४ बळी, आणि ऑस्ट्रेलियावर भारताचा पहिला विजय! ‘खेळपट्टी नवी होती’ असे लगेच म्हटले गेले. होती खरी. पण त्याच खेळपट्टीवर अॅलन डेव्हिडसन या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाने १२ बळी घेतले आणि धावाही नेमक्या १२४च दिल्या, हे मात्र कोणी सांगत नाही.

हाच आक्षेप मी जानेवारी १९८८ मध्ये आमच्या प्राध्यापक-कक्षात ऐकला. मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध नरेंद्र हिरवाणी पदार्पण करीत होते. वय अवघे एकोणीस. जन्म गोरखपूरचा, पण गोलंदाज म्हणून घडले ते आपल्या इंदुरात, संजय जगदाळे यांच्या हाताखाली. पहिल्या डावात ६१ धावांत ८, दुसऱ्यात ७५ धावांत ८. पदार्पणात १३७ धावांत १६ बळी हा बॉब मॅसी यांचा १९७२चा विक्रम अवघ्या एका धावेने मागे पडला. ‘अहो, त्या आखाड्यावर कुणीही बळी घेतले असते,’ असे एक सहकारी म्हणाले. मी विचारले, ‘मग वीसपैकी सोळा एकट्यानेच का घेतले? बाकीचे त्याच मातीवर टाकत नव्हते काय?’ ते चहा पीत राहिले. मीही थोडा चढ्या आवाजात बोललो होतो, हे कबूल करतो. यष्टींमागे बडोद्याचे किरण मोरे होते. त्यांनी सामन्यात सहा फलंदाजांना यष्टिचीत केले. सेन यांच्यासारखेच तेही या हिशेबाचे भागीदार. हिरवाणी यांची कसोटी कारकीर्द पुढे १७ सामन्यांत ६६ बळींवर थांबली.

दहाचा अंक फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानावर अनिल कुंबळे यांनी गाठला. पाकिस्तानची सलामीची जोडी १०१ धावांपर्यंत टिकली होती. त्यानंतर सगळा संघ २०७ धावांत बाद झाला आणि ७४ धावांत दहाही बळी कुंबळे यांचे. तो प्रसंग आपणांस ठाऊकच आहे. त्यावर वेळ घालवीत नाही.

शेवटी पुन्हा गुप्ते आठवतात. मुंबईचे गुप्ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ साली तिकडेच वारले. उलट, मुंबईत जन्मून आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेलेले एजाज पटेल डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर परतले ते पाहुण्या संघातून, आणि ११९ धावांत भारताचे दहाही बळी घेऊन गेले. तरीही त्यांचा संघ त्या सामन्यात ३७२ धावांनी हरला. ज्या चेंडूने ते दहा बळी मिळाले, तो चेंडू त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या संग्रहालयाला दिला.