कॉगिन्स चाचणी
घोड्यांच्या विषाणुजन्य संसर्गी पांडुरोगाचे निदान करणारी रक्तचाचणी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लेरॉय कॉगिन्स यांनी ती १९७० च्या सुमारास विकसित केली. अगरच्या थरात खळगे पाडून मधल्यात विषाणूचे प्रतिजन आणि भोवतालच्या खळग्यांत घोड्याचा रक्तरस घालतात. एकदोन दिवसांत दोहोंमध्ये पांढरी रेघ उमटली, की प्रतिपिंडे आहेत असे ठरते. हा विषाणू शरीरातून कधीच जात नाही, म्हणून येथे प्रतिपिंडे सापडणे म्हणजे घोडा बाधित असणेच; इतर अनेक रोगांत असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिंगरू मात्र फसवते: बाधित घोडीच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे त्याच्या रक्तात काही महिने टिकतात. उलट, संसर्ग ताजा असेल तर चाचणी काही आठवडे नकारार्थी येते. रोगावर उपचार नाही. बाधित घोडा मारतात किंवा रक्तपिपासू माश्या विषाणू पसरवतात म्हणून कायमचा वेगळा ठेवतात.