अम्माऊसचे टेबल



आपल्यापैकी अनेकांच्या घरी जेवणाच्या खोलीत प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र असते. मूळ चित्र लिओनार्दो दा विंचीने 1495 ते 1498 या काळात मिलानमध्ये, डोमिनिकन मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर काढले. मठवासी त्याच्यासमोरच जेवत. 1999 मध्ये पुरी झालेल्या दुरुस्तीत जुने लेप निघाले, तेव्हा ताटांतले मासे आणि संत्र्याच्या फोडी पुन्हा दिसू लागल्या. वल्हांडणाच्या रात्री संत्री कुठली, असे विचारू नये. चित्रकाराने आपल्या मुलखाचे जेवण प्रभूपुढे मांडले होते.

पण आज आम्हांला लिहायचे आहे ते दुसऱ्या एका जेवणाविषयी. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक परका भेटतो. ते त्याला आग्रहाने थांबवून घेतात, तो भाकर मोडतो आणि त्यांचे डोळे उघडतात. लूककृत शुभवर्तमानातला हा प्रसंग इटालियन चित्रकार कारावाज्जो याने दोनदा रंगवला.

पहिले चित्र 1601 चे, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. टेबल भरलेले: भाकरी, भाजलेली कोंबडी, पाणी, द्राक्षारस, आणि अगदी कडेला, आता पडेल की मग अशी, फळांची टोपली. तिच्यात द्राक्षे, डाळिंब, अंजीर आणि डाग पडलेली सफरचंदे. पुढे 1672 मध्ये बेल्लोरी या लेखकाने नाक मुरडले, की ईस्टर वसंतातला आणि ही फळे शरदातली! हिशेब त्याचा बरोबर आहे. तरीही ती टोपली सावरायला आपला हात पुढे होतो, आणि आपणही त्या टेबलापाशी पोहोचतो.

मे 1606 मध्ये कारावाज्जोच्या हातून रोममध्ये एका माणसाचा खून झाला. तो पळाला. त्याच वर्षी त्याने हाच प्रसंग पुन्हा रंगवला. ते चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. त्यात फळांची टोपली नाही. टेबलावर भाकर, सुरई, थोडी भांडी. मांसाची थाळी हातात घेतलेली एक म्हातारी बाजूला उभी आहे. प्रभूचा हात जेमतेम उचललेला. चारी बाजूंनी अंधार. ते टेबल असे का उतरले, हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. आम्हांला मात्र हेच चित्र अधिक जवळचे वाटते. हातून पाप घडलेला, घरदार सुटलेला माणूस पुन्हा त्याच टेबलाकडे आला आहे.

गेल्या ईस्टरच्या सकाळी मिस्सानंतर आम्ही स्वयंसेवकांनी न्याहारी मांडली. केक, अंडी, पॅटिस. प्रार्थनेआधीच मोबाईल निघाले. संध्याकाळी ग्रुपवर आलेले फोटो पाहिले, तर त्यांत एकही माणूस नव्हता. सगळ्या बशा! कोण आले नव्हते, कोण दाराशीच उभे राहून निघून गेले, ते आम्हांला आठवेना.

लूक त्या टेबलावर भाकरीखेरीज दुसरा पदार्थ सांगत नाही. ओळख पटताच ते दोघे त्याच घटकेस उठले आणि सुमारे अकरा किलोमीटर चालून यरुशलेमेस परत गेले. लंडनच्या चित्रातली कोंबडी अजून अख्खीच आहे.