कॅमेलॉटचे स्थलमाहात्म्य : एका दंतकथेचा व एका उद्यानाचा इतिहास

इंग्लंडच्या वायव्येकडील लँकाशर परगण्यात, चॉर्ली या गावाजवळच्या चार्नॉक रिचर्ड या खेड्यालगत, १९८३ साली ‘कॅमेलॉट’ नावाचे एक करमणूक-उद्यान सुरू झाले. राजा आर्थर, त्याच्या गोलमेजाभोवती बसणारे नाइट म्हणजे घोडेस्वार सरदार, मर्लिन हा जादूगार आणि सरोवरकन्येने वाढविलेला लान्सलॉट यांच्या कथांवर त्याची उभारणी झाली होती. आजच्या भाषेत ज्याला थीम पार्क म्हणतात त्या प्रकारचे हे उद्यान सुमारे तीस हंगाम चालले आणि २०१२ साली कायमचे बंद पडले. मुलाबाळांच्या करमणुकीसाठी उभारलेल्या अशा स्थळाची दखल इतिहासाच्या अभ्यासकाने का घ्यावी, असा प्रश्न येथे सहज उपस्थित होईल. त्याचे उत्तर उद्यानात नसून त्याच्या नावात आहे. कॅमेलॉट ही राजधानी नेमकी कोठे होती, या प्रश्नाला आठशे वर्षांत अनेक उत्तरे देण्यात आली. लँकाशरचे उद्यान हे त्यांपैकी एक अलीकडचे उत्तर होय.

प्रथम मूळ साधनांकडे वळणे इष्ट ठरेल. सहाव्या शतकात ब्रिटनच्या दुर्दशेविषयी लिहिणारा गिल्डास बेडनच्या लढाईचा उल्लेख करतो. पण आर्थरचे नाव त्याच्या लेखनात नाही. नेनियसच्या नावावर मोडणाऱ्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या लॅटिन ग्रंथात आर्थर हा बारा लढाया जिंकणारा सेनानी म्हणून येतो. तेथेही त्याला राजधानी नाही. इ. स. ११३६ ते ११३८ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉन्मथने ब्रिटनच्या राजांचा जो इतिहास रचला, त्यात आर्थर सम्राटपदाला पोहोचला. परंतु त्याचा दरबार वेल्समधील कार्लियन येथे भरतो. गोलमेज प्रथम येते ते ११५५ मध्ये वास या कवीच्या फ्रेंच काव्यात. ‘कॅमेलॉट’ हे नाव त्यानंतर, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, क्रेतियँ द त्र्वा याच्या लान्सलॉटविषयक काव्यात ओझरते आढळते. तेराव्या शतकातील फ्रेंच गद्यकथांनी त्याला आर्थरच्या मुख्य राजधानीचे स्थान दिले. आर्थर नावाचा कोणी पुरुष पाचव्या-सहाव्या शतकात होऊन गेला असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्याची ही राजधानी त्याच्यानंतर सहा शतकांनी, समुद्रापलीकडच्या कवींच्या लेखणीतून निर्माण झालेली आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ज्या नगरीला मुळातच ठिकाण नव्हते, तिला ठिकाण मिळवून देण्याचे काम पुढील शतकांनी केले. सर टॉमस मॅलरीने १४७० च्या सुमारास पूर्ण केलेल्या आणि कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात कॅमेलॉट म्हणजे विंचेस्टर असे सांगितले. जॉन लेलंड याने १५४२ मध्ये हा मान सॉमरसेटमधील कॅडबरी या डोंगरी किल्ल्याला दिला. लेस्ली ऑलकॉक यांनी १९६६ ते १९७० या काळात तेथे उत्खनन केले. पाचव्या-सहाव्या शतकांत त्या प्राचीन किल्ल्याची पुन्हा तटबंदी करण्यात आली होती, आत लाकडी सभागृह होते व भूमध्य सागराकडून आलेली मृद्भांडी तेथे वापरात होती, असे त्यातून निष्पन्न झाले. त्या काळात तेथे एखादा सामर्थ्यवान अधिपती राहत असला पाहिजे, एवढे त्यावरून म्हणता येते. तो आर्थर होता असे म्हणण्यास आधार मिळाला नाही.

स्थळ निश्चित करण्याच्या या खटाटोपामागे केवळ जिज्ञासा नव्हती. ग्लास्टनबरी येथील मठ ११८४ मध्ये आगीत भस्मसात झाला आणि सुमारे सात वर्षांनी तेथील साधूंना आर्थर व त्याची राणी यांची थडगी ‘सापडली’. मठाच्या पुनर्बांधणीस द्रव्य हवे होते. यात्रेकरूंचा ओघ त्यास उपयोगी पडणारा होता. १२७८ मध्ये पहिला एडवर्ड स्वतः तेथे आला आणि त्या अस्थी मोठ्या समारंभाने पुन्हा पुरण्यात आल्या. एडवर्डचा वेल्सशी संघर्ष त्यापूर्वीच सुरू झाला होता. आर्थर परत येईल अशी वेल्श लोकांची श्रद्धा असता तो मेला आहे हे जगाला दाखविण्यात एडवर्डचा राजकीय लाभ उघड होता. टिंटाजेलची हकीकत याच जातीची आहे. जेफ्रीने आर्थरच्या गर्भधारणेचे स्थळ म्हणून तो समुद्रकाठचा कडा निवडला आणि त्याच्या ग्रंथानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १२३० च्या दशकात, कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड याने तेथे किल्ला बांधला. त्या जागेला लष्करी महत्त्व फारसे नव्हते. तेव्हा तेथे आधी कथा आली व किल्ला तिच्या मागून आला, असे म्हणावयास हरकत नाही.

विंचेस्टरच्या सभागृहातील भिंतीवर लटकणारे सुमारे साडेपाच मीटर व्यासाचे लाकडी गोलमेज हे तर या प्रवृत्तीचे मूर्त उदाहरण होय. शतकानुशतके ते आर्थरचे म्हणून दाखविले गेले. १९७० च्या दशकात झालेल्या शास्त्रीय तपासणीत ते तेराव्या शतकात, बहुधा पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत, घडविले गेल्याचे आढळले. त्यावरील राजाचे चित्र व सरदारांची नावे आठव्या हेन्रीच्या काळात रंगविली गेली. तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये विंडसर येथे गोलमेजाच्या प्रथेचे पुनरुज्जीवन घोषित करून त्यासाठी एक वर्तुळाकार इमारत बांधावयास घेतली. मध्ययुगातील राजे व सरदार आर्थरच्या कथेचे केवळ श्रोते नव्हते. ते तिचे प्रयोग करीत. सोंगे घेऊन भालाक्रीडा करीत आणि खर्चही सोशीत. वेशभूषा करून आर्थरचा दरबार भरविण्याची कल्पना विसाव्या शतकातील करमणूक-व्यवसायाने शोधून काढली असे समजणे, त्यामुळे चुकीचे ठरते.

लँकाशरचा या कथाचक्राशी संबंध कसा जोडला गेला, हे आता पाहू जाता त्याचे दोन धागे दिसून येतात. नेनियसच्या ग्रंथातील बारा लढायांपैकी चार ‘डुब्ग्लास’ नदीच्या काठी झाल्या असे म्हटले आहे. लँकाशरमध्ये विगनवरून वाहणारी डग्लस नावाची नदी आहे. एवढ्या नामसादृश्यावर, अठराव्या शतकात मँचेस्टरचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन व्हिटेकरने त्या लढाया विगनच्या परिसरात घडल्याचे प्रतिपादिले. परंतु त्याच ग्रंथात ती नदी ‘लिनुइस’ प्रदेशात असल्याचे सांगितले आहे, व हा प्रदेश म्हणजे पूर्वेकडील लिंडसी असावा असे मत अभ्यासकांत अधिक मान्य आहे. दुसरा धागा मार्टिन मिअर या सरोवराचा. पश्चिम लँकाशरच्या सखल भूमीत पसरलेले हे विस्तीर्ण सरोवर म्हणजेच लान्सलॉटला वाढविणाऱ्या सरोवरकन्येचे निवासस्थान, अशी समजूत स्थानिक लेखकांनी रूढ केली. १८२९ मध्ये लँकाशरच्या दंतकथांचा संग्रह प्रसिद्ध करणाऱ्या जॉन रोबीने तिला वाचकवर्ग मिळवून दिला.

कॅमेलॉट उद्यानाच्या संदर्भात जी कथा सांगितली जाई ती हीच. हे सरोवर एके काळी या भूमीवर पसरलेले होते, सबब ही लान्सलॉटची भूमी होय, असा तिचा आशय. मार्टिन मिअरचा ज्ञात इतिहास मात्र पुरेसा स्पष्ट आहे. टॉमस फ्लीटवुड याने १६९० च्या दशकात समुद्रापर्यंत कालवा खोदून ते कोरडे करण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला. १७८० च्या दशकात टॉमस एक्लस्टन याने ते काम पुन्हा हाती घेतले, आणि एकोणिसाव्या शतकात वाफेच्या पंपांनी ते तडीस गेले. सरोवराच्या जागी शेते झाली. उरलेल्या पाणथळीवर १९७५ मध्ये पाणपक्ष्यांचे अभयारण्य खुले झाले. या सरोवराचे जुने पात्र रफर्ड व बर्सकफ यांच्या आसपासच्या सपाट प्रदेशात होते. चार्नॉक रिचर्ड त्याच्या पूर्वेस काही मैलांवर, चढत्या भूमीवर आहे. उद्यानाची जागा सरोवराच्या तळाशी होती हे म्हणणे भूगोलाच्या कसोटीवर टिकत नाही.

यापेक्षाही अधिक मार्मिक असा पुरावा मूळ कथेतच आहे. तेराव्या शतकातील फ्रेंच गद्यकथेनुसार लान्सलॉटचे बालपण गॉलच्या भूमीत गेले. शिवाय ते सरोवर पाण्याचे नव्हतेच. सरोवरकन्येची घरे व वने परक्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून मंत्रबळाने उत्पन्न केलेला तो आभास होता. जे कथाकारानेच पाणी नसल्याचे सांगितले, त्याचा तळ लँकाशरच्या शेतांत शोधण्यात आला. दंतकथेला भूगोल जोडताना मूळ पाठ बाजूला कसा पडतो याचे हे बोलके उदाहरण होय.

मग उद्यान नेमके तेथे का उभे राहिले? याचे खरे कारण सरोवरात नसून रस्त्यात आहे. पार्क हॉल ही जुनी जहागिरीची जागा एम-सिक्स या द्रुतगती मार्गाला लागून आहे, आणि १९६३ मध्ये हा मार्ग त्या भागातून खुला झाल्यापासून मँचेस्टर, लिव्हरपूल व प्रेस्टन ही मोठ्या वस्तीची शहरे तेथून मोटारीने सहज गाठता येऊ लागली. लँकाशरच्या कापडगिरण्यांतील कामगार पूर्वी आठवडाभराच्या सुट्टीसाठी आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी जात. गिरण्या बंद पडत गेल्या, मोटारी वाढल्या आणि एका दिवसाची कौटुंबिक सहल ही नवी चाल रूढ झाली. अमेरिकेत १९५५ मध्ये डिस्नेलँडने घालून दिलेला नमुना ब्रिटनमध्येही उचलला गेला. थॉर्प पार्क १९७९ मध्ये खुले झाले आणि ऑल्टन टॉवर्सने १९८० पासून थीम पार्कचे रूप घेतले. कॅमेलॉट हे याच लाटेतील होते. कथेची निवडही अनाकलनीय नाही. टेनिसनच्या काव्यांनी आर्थर शाळाशाळांत पोहोचविला होता, १९६० च्या संगीतिकेने ‘कॅमेलॉट’ हा शब्द घरोघरी नेला होता आणि १९६३ मध्ये डिस्नेच्या व्यंगपटाने बाल आर्थरला पडद्यावर आणले होते. ही कथा कोणाला नव्याने समजावून सांगावी लागत नव्हती.

उद्यानात किल्ल्याच्या आकाराच्या वास्तू, घोड्यांवरून होणारी भाल्यांची झुंज, मर्लिनच्या नावाने होणारे जादूचे प्रयोग आणि फिरते पाळणे यांची योजना होती. २००७ मध्ये तेथे ‘नाइटमेअर’ नावाचा एक मोठा रोलर कोस्टर बसविण्यात आला. सरदार व दुःस्वप्न या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द एका उच्चारात बसविणारा तो श्लेष होता. या यंत्राचा इतिहास नावाहून वेगळा आहे. ते आधी जपानमधील एका उद्यानात होते आणि तेथून आणून लँकाशरमध्ये जोडण्यात आले. आर्थरकालीन ब्रिटनचा भास उत्पन्न करणारी ही सामग्री जागतिक बाजारातून, प्रसंगी वापरलेल्या मालातून, येत होती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये उद्यान बंद होत असल्याचे जाहीर झाले तेव्हा चालकांनी खराब उन्हाळी हवामानाकडे आणि त्या वर्षीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाकडे व लंडन ऑलिंपिककडे बोट दाखविले. पावसाचे हे कारण वाचताना १८३९ च्या एग्लिंटन येथील प्रसंगाचे स्मरण होते. स्कॉटलंडमधील एग्लिंटनच्या अर्लने मध्ययुगीन भालाक्रीडेचे भव्य पुनरुज्जीवन करण्याचा घाट घातला. हजारो प्रेक्षक लोटले आणि पहिल्याच दिवशी मुसळधार पावसाने सारा थाट चिखलात गेला. मध्ययुगाचे स्वप्न उघड्या मैदानावर उभारणाऱ्याला त्या देशाच्या आकाशाचा हिशेब धरावाच लागतो.

त्यानंतरची वर्षे उद्यानाने भग्नावशेष म्हणून काढली. रंग उडालेले बुरूज आणि गंजलेले रूळ यांची छायाचित्रे टिपण्यासाठी हौशी लोक कुंपण ओलांडू लागले. त्या भूमीवर घरे बांधण्याची योजना पुढे आली, तिला स्थानिक विरोध झाला व २०१४ मधील प्रस्ताव नामंजूर झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘नाइटमेअर’चा सांगाडाही उतरविण्यात आला. ज्यांचे बालपण या उद्यानाच्या सहलींत गेले, त्यांना ही पडझड पाहून झालेले दुःख खरे होते. कॅमेलॉटचा अंत हा आर्थरच्या कथेचाच एक भाग आहे, ही गोष्ट त्या दुःखाला एक अनपेक्षित अर्थ देऊन गेली.

या सर्व वृत्तांतावरून एक निष्कर्ष काढता येतो. स्थलमाहात्म्याचा दावा ज्या काळाविषयी केलेला असतो त्या काळाबद्दल तो क्वचितच काही सांगतो. ज्या काळात तो केला जातो त्या काळाचे मात्र तो विश्वसनीय साधन असतो. ग्लास्टनबरीच्या थडग्यावरून पाचव्या शतकाविषयी काही कळत नाही. बाराव्या शतकातील मठांच्या अर्थकारणाविषयी पुष्कळ कळते. विंचेस्टरचे मेज आर्थरचा पुरावा नसून प्लँटॅजेनेट व ट्यूडर राजांच्या महत्त्वाकांक्षेचा पुरावा आहे. त्याच न्यायाने चार्नॉक रिचर्डचे उद्यान हे विसाव्या शतकाच्या अखेरीस वायव्य इंग्लंडमधील कुटुंबे सुट्टी कशी घालवीत, कोणत्या मार्गाने येत आणि कोणत्या कथा न सांगता ओळखत, याचे साधन ठरते. त्याला बनावट म्हणून टाकून द्यावयाचे असेल, तर टिंटाजेल आणि विंचेस्टर यांनाही त्याच टोपलीत टाकावे लागेल.

तरीही एक भेद उरतोच, आणि तो महत्त्वाचा आहे. ग्लास्टनबरीच्या साधूंना लोकांनी विश्वास ठेवावा असे वाटत होते. पहिल्या एडवर्डला तो विश्वास राज्यकारभारासाठी हवा होता. उद्यानाला विश्वासाची गरज नव्हती. त्याला केवळ ओळख पुरेशी होती. मार्टिन मिअरच्या कथेचे खंडन करण्यास कोणी सरसावला नाही, कारण ती खरी मानण्याची सक्ती कोणावर नव्हती. जे खरे म्हणून मांडले जाते त्याला विरोधक मिळतात, आणि त्या वादातच त्याची कागदपत्रे निर्माण होतात व जपली जातात. जे केवळ मौजेसाठी मांडले जाते ते वादाविना येते व नोंदीविना नाहीसे होते. म्हणूनच अशा स्थळांची तिकिटे, नकाशे, जाहिराती आणि छायाचित्रे वेळीच जमा करणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते. दगडी किल्ला पडला तरी त्याचा पाया राहतो. प्लायवुडच्या किल्ल्याचा पायाही राहत नाही.