नान्श्टाइनचा पाडाव आणि झिकिंगन-वाद

राइनच्या पश्चिमेस, पॅलाटिनेट प्रदेशातील लांडश्टूल गावाच्या माथ्यावर, तांबड्या वालुकाश्माच्या कड्याला बिलगून नान्श्टाइन दुर्गाचे भग्नावशेष उभे आहेत. कातळाचाच तट करून घेतलेल्या अशा गढ्या या डोंगराळ पट्ट्यात अनेक आहेत. नान्श्टाइनचे नाव साहित्यचर्चेत टिकले ते मात्र झिकिंगन घराण्यामुळे, आणि त्यातही फ्रान्झ फॉन झिकिंगन (१४८१-१५२३) या एका पुरुषामुळे.

हे मूळचे क्राइखगाऊकडील सरदार घराणे. खाजगी वैर जाहीर करून खंडणी, प्रतिष्ठा आणि प्रदेश मिळवणे ही अशा सरदारांची जुनी रीत. १४९५ साली वर्म्सच्या राजसभेने ती कायमची बेकायदा ठरवली. फ्रान्झने तरीही तिच्याच बळावर आपली सत्ता वाढवली आणि खुद्द वर्म्स नगराशीही दावा मांडला. याच माणसाने एबर्नबुर्ग या आपल्या दुसऱ्या गढीत उलरिख फॉन हुटेन आणि मार्टिन बुत्सर यांना आश्रय दिला. तो लुटारू की सुधारक, हा वाद म्हणूनच फोल वाटतो. तो दोन्ही होता.

१५२२ मध्ये ट्रियरच्या आर्चबिशपवरील त्याची स्वारी फसली. पुढील वसंतात ट्रियर, पॅलाटिनेट आणि हेसे येथील तिघा सत्ताधीशांच्या तोफा नान्श्टाइनसमोर येऊन ठाकल्या. काही दिवसांतच तट ढासळला आणि जबर जखमी झालेला फ्रान्झ ७ मे १५२३ रोजी गडावरच मरण पावला.

गटेच्या ‘ग्योत्स फॉन बेर्लिखिंगन’ (१७७३) या नाटकात झिकिंगनचा विवाह ग्योत्सच्या बहिणीशी होतो. हे नाते अर्थातच कविकल्पित. फर्डिनांड लासालने १८५९ साली त्याच्यावर पाच अंकी पद्यनाटक लिहिले. १८४८-४९ च्या फसलेल्या क्रांतीची शोकांतिका त्याला सोळाव्या शतकाच्या पेहरावात मांडावयाची होती. मार्क्स आणि एंगेल्स यांनी पत्रांतून घेतलेला आक्षेप मर्मावर बोट ठेवणारा होता. मार्क्सच्या मते झिकिंगन बुडाला तो स्वतःच्या धूर्तपणापायी नव्हे, तर अस्तास जाणाऱ्या वर्गाचा सरदार म्हणून. एंगेल्सने त्यापुढे जाऊन शोकात्मतेचे स्थानच दाखवून दिले: सरदारांना शेतकऱ्यांशी युती अपरिहार्य होती आणि शेतकऱ्यांच्या पिळवणुकीवरच जगत असल्यामुळे ती अशक्यही होती. लासालने दीर्घ उत्तर धाडले, पण आपली बाजू सोडली नाही. पुढे लुकाचने या पत्रव्यवहारावर स्वतंत्र निबंध लिहिला.

या आक्षेपाची कसोटी इतिहासातच सापडते, आणि चर्चेत तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. नान्श्टाइन पडल्यानंतर सुमारे वर्षभराने शेतकऱ्यांचे युद्ध (१५२४-२५) पेटले. खऱ्या ग्योत्सने काही काळ बंडखोरांचे नेतृत्व पत्करले, निर्णायक लढाईपूर्वी त्यांची साथ सोडली आणि तो १५६२ पर्यंत जगला. गटेने मात्र त्याला कैदेत मरण दिले.