रडारवरचा लाल ठिपका नेमका कुठला?

परवा रात्री येवल्याकडच्या एका शेतकरी मित्राचा फोन आला. "भाऊ, मोबाईलवर आमच्या गावावर लाल दिसतंय. काढलेला कांदा उघड्यावर आहे, कागद टाकू का?" म्हटलं, टाक. घरच्या सगळ्यांनी अंधारात कागद टाकला. पाऊस पडला पलीकडच्या शिवारात. सकाळी त्याचा प्रश्न, "रडार खोटं बोलतं का?"

चित्र मुंबईच्या रडारचं होतं. त्यानिमित्ताने थोडा इतिहास.

रडारला गाव-तालुका कळत नाही. त्याला कळतं फक्त दिशा, अंतर आणि किरण किती अंश वर आहे ते. दुसऱ्या महायुद्धात गोल पडद्यावर विमानं शोधताना मध्येच पाऊस दिसायचा. सैनिकांना ती कटकट होती, हवामानवाल्यांनी त्यातून शास्त्र उभं केलं. आपल्याकडे चक्रीवादळं टिपणारं रडार विशाखापट्टणमला 1970 मध्ये बसलं, पहिलं डॉप्लर चेन्नईला 2002 मध्ये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत डॉप्लर नव्हतं. ते नंतर आलं. वेरावलीचं तर 2022 चं.

आता नकाशा. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणली की काहीतरी बिघडतंच. मधल्या बिंदूपासूनचं अंतर आणि दिशा बरोबर ठेवणारी एक जुनी पद्धत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हातला नकाशा तसाच, मध्ये उत्तर ध्रुव. रडारचं सॉफ्टवेअर ध्रुवाच्या जागी रडार ठेवतं. अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेचं 'पाय-आर्ट' हे मोफत सॉफ्टवेअर हेच करतं. पण मोबाईलवरचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. ती 1569 ची, दर्यावर्दींसाठी केलेली. म्हणून प्रत्येक ठिपक्याचे अक्षांश-रेखांश काढून तो दुसऱ्या नकाशावर बसवावा लागतो. इथे गफलत झाली की ढग भलत्याच गावावर जातो.

हे सगळं बिनचूक केलं तरी उंची उरतेच. किरण अर्धा अंश वर असला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे दोनशे किलोमीटरवर तो जमिनीपासून चार किलोमीटर वर जातो. एक अंश जाडीचा किरण तिथे साडेतीन किलोमीटर रुंद होतो. मध्ये सह्याद्री आडवा, तो वेगळाच. मुंबई ते येवला सरळ रेषेत दोनशेच्या वर. म्हणजे मित्राला दिसलेलं लाल त्याच्या वावरातलं नव्हतंच. ते चार किलोमीटर उंचावरचं होतं, दोन-तीन गावांना मिळून एक. तिथले थेंब खाली येईपर्यंत वारा त्यांना कुठेही नेतो.

मित्राला एवढंच सांगितलं, रडार खोटं बोलत नाही, पण ते आभाळाचं सांगतं आणि आपण जमिनीचं समजतो. गावाच्या नावावर रंग टाकणाऱ्यांनी सोबत रडार किती लांब आहे आणि ठिपका किती उंचीवरचा आहे, हे दोन आकडे मराठीत द्यावेत. फार मोठी मागणी नाही.

आणि हो, लाल दिसलं तर कागद टाकाच. एक रात्र जागणं परवडतं, भिजलेला कांदा नाही.

तुमच्याकडचा अनुभव काय? खाली लिहा.