अभ्यास आणि सहवास : विद्यापीठाच्या निवडीचा जुना प्रश्न

बारावीचा निकाल लागला की बृहन्महाराष्ट्रातील आमच्या घराघरांत एकच खल सुरू होतो : मुलाला वा मुलीला कोठे धाडायचे? आजोबा प्राध्यापक आणि ग्रंथालय यांची चौकशी करतात, आई वसतिगृहाची करते, आणि मुले हळूच विचारतात की तेथे नाटक, खेळ, मित्रमंडळी यांना काही वाव आहे काय. २०१६ पासून शासनाची क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली, २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सामाईक प्रवेशपरीक्षा आली. निवडीचे क्षेत्र विस्तारले. परंतु मुलांचा प्रश्न घरात बहुधा उडवाउडवीवर जातो. अभ्यास हे काम आणि सहवास ही करमणूक, असा समज त्यामागे असतो. इतिहासाचा कौल मात्र वेगळा आहे.

हा समज कोठून आला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन धर्तीवर. महाविद्यालये संलग्न करून घ्यावीत, परीक्षा घ्याव्यात आणि पदव्या द्याव्यात, एवढेच त्यांचे काम. प्रत्यक्ष अध्यापन महाविद्यालयांकडे. विद्यार्थ्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे प्रश्नपत्रिका आणि पदवीचा कागद. संस्थानी शहरांत हे अंतर अधिकच वाढले. इंदूरचे होळकर कॉलेज १८९१ सालचे. परंतु १९२७ मध्ये आग्रा विद्यापीठ निघाल्यावर मध्य भारतातील महाविद्यालये त्यास जोडली गेली. उज्जैनचे विक्रम विद्यापीठ १९५७ मध्ये आले, इंदूर आणि ग्वाल्हेर येथे विद्यापीठे झाली ती १९६४ मध्ये. तोवर तेथील पदवीधराच्या प्रमाणपत्रावर परगावचे नाव असे. सहवास मिळे तो घरी, गणेशोत्सवात, व्यायामशाळेत आणि इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थांत. अभ्यास एकीकडे आणि माणसे दुसरीकडे ही फाळणी आमच्या मनात रुजली ती बव्हंशी या व्यवस्थेतून, असे आम्हांस वाटते.

हैदराबादेत याच्या उलट चित्र होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा धाडसी प्रयोग केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले. मराठी, तेलुगू, कन्नड मुलांनाही शिकायचे तर उर्दूतूनच. विद्यापीठ अध्यापन करणारे होते, वसतिगृहे होती, सहवासही होता; पण त्यावर सत्तेचा पहारा होता. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहातील प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. शेकडो जणांना विद्यापीठास मुकावे लागले, आणि हे लोण औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजापर्यंत पोहोचले. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली. तेथे गेलेल्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. या मुलांचे गाव बदलले, माध्यम बदलले, अभ्यासक्रम बदलला. एकमेकांची सोबत तेवढी टिकली. त्यांपैकी अनेक जण पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात दिसतात. वसतिगृहातील सोबत ही केवळ करमणूक असती, तर तिच्यासाठी कोणी पदवी पणास लावली नसती.

बडोद्याचा दाखला याहून बोलका आहे. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील त्यांच्या व्यासंगाचा तपशील थक्क करणारा आहे. अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. पण त्यांनी तेथून केवळ विद्या आणली नाही. कोणी जात न विचारता एका पंक्तीत बसण्याचा अनुभव त्यांना प्रथम तेथे आला. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे १९२० मध्ये लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी बाबासाहेब निघाले, तेव्हा याच भथेनांनी त्यांना कर्जाऊ रक्कम दिली. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. पदवी मिळाली, तीत वसतिगृहातील त्या मैत्रीचाही वाटा आहे. याच्या शेजारी १९१७ सालचे बडोदे ठेवून पाहावे. ज्या संस्थानाने त्यांना सातासमुद्रापार पाठविले, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्यांना राहण्यास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. नोकरी होती, विद्वत्ता होती, पण सहवास नाकारला गेला आणि त्या विद्वत्तेचा लाभ बडोद्यास घेता आला नाही.

पुढे त्याच शहरात १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. परीक्षा घेण्यापुरते नव्हे, तर शिकविणारे आणि विद्यार्थ्यांना आपल्या आवारात वसविणारे विद्यापीठ असा त्याचा आराखडा होता. १९५० मध्ये तेथे ललित कला विद्याशाखा निघाली आणि इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवू लागले. गुरू आणि शिष्य एकत्र काम करीत, एकत्र प्रदर्शने भरवीत. त्यातूनच ‘बडोदा ग्रुप’ उभा राहिला. साठच्या दशकात या विद्याशाखेचा मेळा सुरू झाला. त्यात शिक्षक व विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, नित्योपयोगी वस्तू बनवीत. यातील अभ्यास कोणता आणि करमणूक कोणती, हे ठरविणे कोणालाही कठीण जावे.

याचा अर्थ मित्रमंडळ पाहून विद्यापीठ निवडावे असा नव्हे. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये वेळेचा कण न् कण अभ्यासाला दिला, म्हणूनच त्या सहवासाचे सोने झाले. ज्या सोबतीत पुस्तक उघडायला लाज वाटते ती सोबत महागात पडते. दुसरी एक खबरदारी आपल्यासारख्या स्थायिक मराठी कुटुंबांनी विशेषत्वाने घ्यावी. मुलांना ‘आपली माणसे’ मिळावीत म्हणून पुणे-मुंबईकडेच पाहणे स्वाभाविक आहे, आणि भाषेच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. परंतु आंबेडकरांना आधार मिळाला तो पारशी मित्राचा, आणि बेंद्रे यांचे शिष्य बहुतांशी गुजराती होते. आपले पूर्वजही परक्या मुलखात जाऊन तेथील माणसांत मिसळले म्हणून टिकले.

म्हणून निवड करताना क्रमवारीच्या तक्त्याबरोबर आणखी काही साधे प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते? वसतिगृहात कोणत्या प्रांतांतील, कोणत्या परिस्थितीतील मुले एका खोलीत राहतात? शिक्षक वर्गाबाहेर भेटतात काय? आपल्या मुलीला संध्याकाळी व्याख्यानास, तालमीस जाऊन निर्धास्तपणे परतता येते काय? यांची उत्तरे माहितीपुस्तिकेत क्वचितच सापडतात. ती तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांकडून, आवारात एक दिवस काढून मिळवावी लागतात. प्रवेशशुल्काची रक्कम जुळविण्यासाठी आपण जेवढे कष्ट घेतो, त्याच्या दशांश कष्ट या चौकशीस पुरतील.